शंभरातले पंचवीस

हिरामणच्या पोटात पहाटे कळ उठली, त्यात कुणाला विशेष काही वाटलं नाही. आदल्या दिवशी गौरीचं जेवण झालं होतं, आणि त्या दिवसांत बेलवलीत निम्म्या घरांत कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं असायचंच. बनूबाईनं नवऱ्याला ओवा आणि काळं मीठ चघळायला दिलं आणि ती गोठ्याकडे गेली. परत आली तर हिरामण भिंतीला टेकून बसलेला, आणि दोन बोटांनी स्वतःची पापणी वर धरून तिच्याकडे बघत होता.

"बने, डोला उघडत नाय," तो म्हणाला. तोंडात सुपारी धरून बोलावं तसे शब्द जड येत होते.

हिरामणचा धाकटा भाऊ नाथा अंबरनाथला रंगाच्या कंपनीत होता. आठची पाळी गाठायला तो निघतच होता. बनूबाईची हाक ऐकून तो मागच्या पडवीत आला. शेजारून दौलतरावमामा आले. त्यांनी वाकून हिरामणचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. "सकालची लागलीय असं वाटतंय, पन वास नाय," मामा म्हणाले, आणि स्वतःच गोंधळून उभे राहिले.

बदलापूरच्या डॉक्टरनं पित्ताचं इंजेक्शन दिलं. अकराच्या सुमाराला हिरामणची मान धरेना. त्या डॉक्टरनं मग घाईनं उल्हासनगरची चिठ्ठी लिहून दिली. रिक्षात नाथानं भावाचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. अंबरनाथ मागं पडल्यावर भावाची छाती हलते आहे ती श्वासानं की रिक्षाच्या हादऱ्यांनी, हेच त्याला कळेना.

कॅम्प दोनच्या बाजारामागं, कापडाच्या गाळ्यांवर, एक छोटं खाजगी हॉस्पिटल होतं. दुसऱ्या मजल्यावर चार खाटांचा आयसीयू आणि त्यात श्वास देणारं एकच मशीन. ते मशीन येऊन वर्ष झालं होतं. ते चालवणारे डॉक्टर दिनानाथ वर्तकही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून त्याच वेळी इथं आले होते. वय तेहेतीस-चौतीस. त्यांनी हिरामणला पाहिलं, आणि पंधरा मिनिटांत त्याच्या घशात नळी घालून ती मशीनला जोडली. मग बाहेर येऊन भराभर प्रश्न विचारले.

"शेतावर मारायचं औषध प्यायले का? भांडण, काही टेन्शन?"

"नाय."

"दारू?"

"सणासुदीची घेतात. काल नव्हती."

"साप? विंचू?"

"नाय हो. मी समदं अंग पाह्यलं," बनूबाई म्हणाली. "कुठं ओरखडासुदा नाय. सुज नाय, काय नाय."

डॉक्टरांनीही अंग तपासलं होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मेंदूत खोल कुठंतरी रक्तस्राव झाला असावा." त्यातला 'असावा' नाथाच्या कानात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. हातात एक छापील तक्ता होता. चौकोनाचौकोनांत सिस्टर मीनलच्या अक्षरात आकडे भरलेले: ताप, नाडी, ब्लडप्रेशर, रक्तातल्या पेशी, वय, शुद्ध. खाली बेरीज.

"तीस आले," डॉक्टर म्हणाले.

नाथा दहावीला दोनदा बसलेला माणूस. "पस्तीसला पास ना?" त्यानं विचारलं. "म्हणजे पाचच कमी पडतायत."

डॉक्टर हसले नाहीत. "इथं उलटं असतं. जितके जास्त, तितकं वाईट. एकाहत्तरपैकी असतात."

"मग निम्म्याच्या आतच आहेत की."

"तसंही नाही." डॉक्टरांनी कागद मांडीवर ठेवला. "असं समजा, तीस गुणांचे शंभर पेशंट आहेत. त्यांतले साधारण पंचाहत्तर जातात. पंचवीस वाचतात."

बनूबाई इतका वेळ जमिनीकडे बघत होती. तिनं मान वर केली. "मंग आमचे पंचविसातले का पंच्याहत्तरातले?"

"ते कागद सांगत नाही, बाई."

"मंग कोन सांगल?"

"मीही नाही सांगू शकत. पण तुम्हाला खोटी आशा लावण्यापेक्षा आकडा बरा, असं मला वाटतं."

"हे शंभर म्हणजे कुठले?" नाथानं विचारलं. "इथले?"

"अमेरिकेतल्या हॉस्पिटलांतले. हजारो लोकांच्या नोंदी केल्या, त्यावरून काढलंय."

नाथानं मान हलवली. पण डॉक्टर आत गेल्यावर बनूबाईनं विचारलं, "भावजी, काय म्हनले?" तेव्हा त्याला सांगता येईना. चारात एक वाचतो, हे त्याला कळत होतं. लॉटरीपेक्षा तर ते पुष्कळच बरं. मग डॉक्टरांचा चेहरा तसा का होता? आणि वाचला तर तो पूर्ण वाचणार की पावहिस्सा? खाली औषधं आणायला गेला तेव्हा त्यानं दुकानदार सिंधी काकांना विचारलं. काकांनी पुडी बांधता बांधता म्हटलं, "साईं, नंबर डॉक्टर का काम है. तू दवा ले जा, ऊपरवाले का नाम ले." त्यानंही काही उलगडलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेरीज एकतीस झाली. डॉक्टरांनी नाथाला आत बोलावलं. हिरामणची पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकला. बाहुली मोठी, काळीभोर, उजेडानं आकसली नाही. हाताला चिमटा काढला, छातीच्या हाडावर मूठ रगडली. काही नाही. मशीन फुसफुसत होतं, आणि त्याबरोबर छाती तेवढी वरखाली होत होती.

"हे चांगलं लक्षण नाही," डॉक्टर म्हणाले. "काल मी पंचवीस म्हणालो होतो. आज दहासुद्धा म्हणवत नाही."

"दादाच्या डोक्याचा फोटो काढला तर?"

"ते मशीन मुंबईत. या अवस्थेत एवढ्या लांब नेणं धोक्याचं आहे. आणि फोटोत दिसलं तरी करण्यासारखं काही असेल, असं वाटत नाही."

त्याच सकाळी दौलतरावमामा गावाहून आले होते. नाथाची आई विठा हिला गुडघ्यांमुळं जिना चढवत नव्हता. तिनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. मामांनी तिचा निरोप आणला: जायचाच असंल तर माज्या दारातून जाऊ दे, नळ्या लावून परक्या ठिकानी नको.

नाथानं डॉक्टरांना सरळ विचारलं, "घरी नेऊ का?"

"न्या, असं मी म्हणणार नाही."

"मग ठेवू?"

"ठेवा म्हणालो आणि आठवड्यानं गेले, तर तुम्ही मला विचाराल की आठवडाभर कशासाठी ठेवलं." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "निर्णय नातेवाइकांचा असतो."

नाथा जिन्यात जाऊन उभा राहिला. खालच्या गल्लीत कुणीतरी कापडाचे तागे हातगाडीवर टाकत होतं. त्याला वाटत होतं, एवढं शिकलेला माणूस ठरवू शकत नाही, ते आपण जिन्यात उभं राहून कसं ठरवायचं? बनूबाईला विचारलं तर ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." मामांना विचारलं तर ते म्हणाले, "तू शिकलेला." शेवटी दुपारी बाराला त्यानं कागदावर सही केली. सहीच्या वर इंग्रजीत काय छापलं होतं, ते त्यानं वाचलं नाही. आत जाऊन त्यानं भावाच्या कानाशी तोंड नेलं. "दादा, घरी जातोय आपण."

मशीनऐवजी आता हातानं दाबायचा रबरी फुगा लावला. हॉस्पिटलात तसे दोनच फुगे होते. हा परत आणायला आणि घरी नळी काढायला सिस्टर मीनल स्वतः बरोबर निघाल्या. तिशीच्या, शांत बाई. अँब्युलन्समध्ये त्यांनी नाथाला शिकवलं. "दाबा. सोडा. मनात चार मोजा. परत दाबा. घाई नको." अंबरनाथपर्यंत त्या दाबत होत्या. पुढं नाथानं घेतलं. फुगा मऊ होता आणि प्रत्येक दाबाबरोबर भावाची छाती वर येत होती. आपल्या हातानं दुसऱ्या माणसाचा श्वास चालतो, हे इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि घरी पोचल्यावर काय करायचं आहे, तेही तितकंच सोपं होतं. नुसतं दाबायचं नाही.

घराच्या ओटीवर चटई अंथरली होती. गाव जमलं होतं. विठा हिरामणच्या पायाशी बसली. कुणीतरी गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान आणलं. सिस्टरनी नळीला धक्का न लावता ओठांवर दोन थेंब टेकवू दिले. मग सगळे नाथाकडे बघायला लागले.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तेव्हा."

नाथाचा हात चालूच होता. "कमळी येऊ दे," तो म्हणाला. कमळी हिरामणची मुलगी, शेलूला दिलेली. तिला निरोप गेला होता. लेकीनं बापाला बघितल्याशिवाय कसं? सगळ्यांनी माना डोलावल्या. अँब्युलन्सला दुसरं भाडं होतं, ती निघून गेली. सिस्टर मात्र थांबल्या.

एक वाजला, दोन वाजले. नाथाचे पंजे आखडले तेव्हा बनूबाई म्हणाली, "आना इकडं." सिस्टरनी तिलाही शिकवलं. ती मनात मोजत नव्हती, तोंडानं पुटपुटत होती. अर्ध्या तासानं नाथानं परत घेतलं, मग परत तिनं. आलेली माणसं ओटीच्या कडेला बसून सवयीनं भाताच्या लोंब्यांचं, पिकावरच्या रोगाचं बोलू लागली. मध्येच कुणाला लाज वाटे आणि गप्पा थांबत. मरणाला आलेली माणसं, पण मरण थांबवून धरलेलं. रडायचं की नाही, तेही कुणाला कळत नव्हतं.

साडेतीनला कमळी आली. तिनं बापाच्या छातीवर डोकं टाकून हंबरडा फोडला. तेव्हा फुगा बनूबाईच्या हातात होता. कमळीचं रडणं ओसरलं. आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं.

"नाथा," दौलतरावमामा म्हणाले, "आता सोडा. हाल नको त्याचे."

नाथानं बनूबाईकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती दाबत राहिली. तिला थांब म्हणणं नाथाच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

तेवढ्यात पायाशी बसलेली विठा म्हणाली, "ह्यो पाय वडतंय."

ती मघापासून लेकाचे तळवे चोळत होती.

"आई, राहू दे," नाथा म्हणाला.

"अरं वडतंय. ल्हान होता तवापासना तलव्याला हात लावू देत नाय हा." तिनं परत अंगठ्याखाली बोट फिरवलं. सगळे बघत होते. काही झालं नाही. परत फिरवलं. उजव्या पायाचा अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा हलला.

"जीव जाताना व्हतंय तसं," मामा म्हणाले. "मुंडी काटली तरी कोंबडी फडफडते."

सिस्टर मीनल उठून पायाशी आल्या. त्यांनी विठाला हात काढायला सांगितला. मग ओटीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हिरामणभाऊ, ऐकू येत असेल तर अंगठा हलवा."

बराच वेळ गेला. बनूबाईनं तीनदा फुगा दाबला. अंगठा हलला.

"आता परत एकदा हलवा."

परत हलला.

ओटीवर एकदम गलका झाला. कमळी किंचाळली. कुणी म्हणे देवाची कृपा, कुणी म्हणे उगा बाईमाणसाला नादी लावू नका. नाथानं सिस्टरचा दंड धरला, मग भान येऊन सोडला. "हे काय आहे? डॉक्टर तर म्हणाले होते..."

"मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "खरंच माहीत नाही. पण मी दोनदा सांगितलं, आणि तो दोनदा हलला."

काही मिनिटांपूर्वी इथं जे करायचं ठरलं होतं, ते नाथाला आठवलं. खिशात त्या सहीच्या कागदाची प्रत होती. परत गेलो तर डॉक्टर घेतील का? आणि मामा म्हणतात तसंच असेल तर? तो मिनिटभर तसाच उभा राहिला. मग गल्लीच्या तोंडाशी भाजीचा रिकामा टेम्पो उभा होता, तिकडं पळाला.

टेम्पोच्या हौद्यात चटईसकट हिरामणला ठेवलं. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडीचे डबे संपता संपत नव्हते. बनूबाई फुगा देईना. "माज्या हातात हाय तवर मी कोनाला देनार नाय," ती म्हणाली. शेवटी सिस्टरनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

डॉक्टर वर्तक राउंड संपवून निघायच्या बेतात होते. सिस्टरनी दारातच सांगितलं. त्यांनी आधी अविश्वासानं नाथाकडे पाहिलं. मग हिरामणला परत मशीनला लावलं, वाकले आणि म्हणाले, "अंगठा हलवा." अंगठा हलला. ते तसेच वाकलेले राहिले. मग वळून त्यांनी बनूबाईला विचारलं, "त्या रात्री ते कुठं झोपले होते?"

"पडवीत. उकडत होतं म्हनून."

"खाटेवर?"

"नाय. खाली, गोधडीवर."

डॉक्टर खुर्चीत बसले. "मण्यार," ते म्हणाले. "मण्यार असणार. झोपेत चावते. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पोटात दुखतं, पापण्या पडतात, मग सगळं अंग लुळं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर माणूस उठू शकतो. मी सापाचं विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात, आणि मी पुढं विचारलंच नाही. कुठं झोपले होते, एवढं विचारायला हवं होतं."

तो तक्ता अजून टेबलावर होता. त्यांनी तो ओढला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "तिसांतले बारा गुण मी फक्त शुद्ध नाही म्हणून दिले होते. हाक मारली, चिमटा काढला, हालचाल नाही, म्हणजे शुद्ध नाही. आणि हा माणूस शुद्धीत होता."

"मग बारा वजा केले तर?" नाथानं विचारलं. "अठराचे किती?"

"अठराला शंभरातले पंचवीस जातात."

आधी पंचवीस वाचत होते, आता पंचवीस जात होते. नाथा त्या कागदाकडे बघत राहिला. तेच चौकोन, तेच अक्षर. त्याला राग यायला हवा होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी नळी घातली नसती तर हिरामण पहिल्याच दिवशी गेला असता. आणि त्यांचं ऐकून आपण त्याला घरी नेलं होतं. डॉक्टरांनी तर न्या असं म्हटलंही नव्हतं.

"त्या अमेरिकेतल्या लोकांत मण्यार चावलेला कुणी असेल का?" त्यानं विचारलं.

"बहुतेक एकही नसेल," डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवशी हिरामणची बोटं हलली. सातव्या दिवशी पापण्या. दहाव्या दिवशी नळी निघाली, आणि पितृपक्ष सुरू असताना तो आपल्या पायांनी तो जिना उतरून खाली आला. बनूबाईनं सिस्टर मीनलच्या ओटीत भोपळा आणि दोन नारळ घातले. डॉक्टरांना काय द्यायचं हे तिला सुचेना, म्हणून ती त्यांच्या पाया पडली. डॉक्टर एकदम मागं सरले.

घरी आल्यावर हिरामणचा आवाज महिनाभर बसलेला होता. लोक येत, नवस बोलल्याचं सांगत, परत जात. नाथा मात्र त्याच्यासमोर एकटा बसणं टाळत होता. भाऊ शुद्धीत होता, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शेवटी एका रविवारी खळ्यावर दोघंच होते तेव्हा त्यानं विचारलं.

"दादा, तुला ऐकू येत होतं?"

हिरामण भाताच्या पेंढ्या सरळ करत होता. "येत व्हतं. समदं नाय. मधी मधी. आपुन मेलो का काय, त्ये कलत नव्हतं. मी वरडायचो, तुमी बोलतच रायचात."

"डॉक्टर आकडे सांगत होते ते?"

"खाटेशी बेरीज करायचे ना, तीस, येकतीस. मना वाटला ताप सांगतात."

नाथानं धीर केला. "आणि मी घरी न्यायचं म्हणालो ते? मी सही केली, दादा."

हिरामणनं पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, "तू कानाशी येऊन म्हनलास ना घरी जातोय. मना बरं वाटलं. म्हनलं, सुटलो. वाटलं, मी बरा जालो म्हनून नेतात."

"आणि ओटीवर? मामा सोडा म्हणाले तेव्हा?"

"तवा कललं."

"मग?"

"मंग काय? तुमी सोडलं नाय."

"वहिनीनं सोडलं नाही," नाथा म्हणाला. "मी सोडणार होतो की नाही, ते मला अजून माहीत नाही. कमळी येऊ दे म्हणालो, ते तुझ्यासाठी म्हणालो की मला भीती वाटली म्हणून, तेही नाही कळत."

हिरामणनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी होती की आणखी काही, ते नाथाला वाचता आलं नाही. "हात दुखले असतील तुझे," हिरामण म्हणाला, आणि त्यानं परत पेंढी उचलली. त्यानंतर दोघांत तो विषय कधी निघाला नाही. हिरामणनं आणखी बरीच वर्षं शेत केलं.

पुढं काही वर्षांनी, सत्त्याण्णव साली, कंपनीत नाथाशेजारी काम करणाऱ्या मधूचे वडील आजारी पडले. छातीत पू, मग मूत्रपिंडं बंद. त्यांनाही मशीनवर ठेवलं होतं, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरनं मधूला शंभरातले वीस वाचतात असं सांगितलं. मधूनं जेवणाच्या सुट्टीत नाथाला गाठलं. हिरामणची गोष्ट कंपनीत सगळ्यांना माहीत होती.

"तू सांग, नाथा," मधू म्हणाला. "घरी आणू की ठेवू? तुझ्या भावाला तर दहापण नव्हते दिले."

नाथाच्या तोंडाशी आलं होतं, ठेव, सोडू नकोस. पण मधूचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना कुठली मण्यार चावलेली नव्हती. घरी ने म्हणावं तर तो ओटीवरचा अंगठा डोळ्यांसमोर यायचा.

"मला नाही सांगता येत, मधू," तो म्हणाला. "खरंच नाही सांगता येत. पण मी येतो तुझ्याबरोबर."

पाळी सुटल्यावर तो मधूबरोबर हॉस्पिटलात गेला, दुसऱ्या दिवशीही गेला. मधूनं वडिलांना तिथंच ठेवलं. ते चौथ्या दिवशी सकाळी मशीनवरच गेले. मधूची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "घरी नेलं असतं तर शेवटचे दोन शब्द बोलले असते का रे ते?"

मधूनं नाथाकडे पाहिलं. नाथानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो म्हातारीशेजारी बाकावर सरकून बसला, आणि कागदपत्रं होईपर्यंत तिघंही तिथंच बसून राहिले.